साहेब चांगले होते, पण मी तिथेच राहिले

सुरंगी, रत्नागिरी

मंडळी, गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचतेय. आज लिहायला बसले कारण माझ्या टेबलावर एक अर्ज चार दिवस पडून आहे आणि सही करायला हात धजत नाही.

मी मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि तेव्हापासून याच धंद्यात आहे, सोळा वर्षं झाली. म्हाकूल, बांगडा, बळा, कोळंबी, बंदरावर जे उतरतं ते आमच्याकडे येतं, धुतलं जातं, ग्रेडिंग होऊन गोठवलं जातं आणि कंटेनरमधून परदेशी जातं. गेलेला माल परत येऊ नये, हे माझं काम.

या सोळा वर्षांत मला दोन साहेब असे मिळाले की त्यांच्याबद्दल मनात अजून हिशेब चालू आहे. ते आता जिथे आहेत तिथलं किंवा त्या कारखान्यांचं नाव मी घेणार नाही, कृपया विचारू नका.

पहिले साहेब कडक. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी बांगड्याच्या एका लॉटचं तापमान न मोजता रजिस्टरमध्ये 'दोन अंश' लिहिलं. वरच्या ओळीत होतं तेच उतरवलं. साहेबांनी रजिस्टर बघितलं, तापमान मोजायची सळई, म्हणजे प्रोब, उचलला, मला क्रेटपाशी नेलं. बर्फ बाजूला सारून अगदी तळातला बांगडा काढला आणि त्याच्या पाठीत प्रोब खुपसला. आकडा चढत चढत नऊवर थांबला. वरच्या थराला दोन, तळाला नऊ. मग सगळ्या कामगार बायकांसमोर मला असं बोलले की रात्री जेवण गेलं नाही. बांगडा तापला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि एकदा झालं की ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. त्या दिवशी ते खरं कळलं. आजही मी तळातलाच मासा काढते.

याच साहेबांनी सहा महिन्यांनी तपासणी पथक आलं तेव्हा मला पुढे केलं. "हॅसॅपचं रजिस्टर हिचं आहे, प्रश्न हिला विचारा." (हॅसॅप म्हणजे माल कुठल्या टप्प्यावर बिघडू शकतो ते ठरवून तिथे तपासत राहायची पद्धत.) माझे पाय कापत होते. ते दोन पावलं मागे उभे राहिले आणि तासाभरात एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्या अहवालाखाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव आलं. दोन वर्षांनी ते दुसरीकडे गेले.

दुसरे साहेब देवमाणूस. हे मी मनापासून लिहितेय. कधी आवाज चढला नाही. गणपतीला पाच दिवस रजा न मागता मिळायची. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतः मालकांकडे जाऊन मला उचल मिळवून दिली. "तू आमच्या घरातलीच," असं म्हणायचे आणि तसे वागायचेही. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. सात वर्षांत अहवाल मी लिहिले, खाली नाव त्यांचं. तपासणीला माणसं आली की बोलायचे ते, मी फाईल हातात घेऊन शेजारी उभी. प्रशिक्षणासाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा म्हणाले, "हंगाम आहे गं, तुझ्याशिवाय कोण बघणार?" मला ते कौतुक वाटायचं. घरी येऊन आईला सांगायचे, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही.

मग एका ठिकाणी मुलाखतीला गेले. समोरच्यांनी विचारलं, तुम्ही एकटीने तोंड दिलेली तपासणी कुठली? तुम्ही लिहिलेली कार्यपद्धती कुठली? त्या सात वर्षांत केलेलं सगळं होतं, त्याचा दाखवायला एक कागद नव्हता. माझ्यापेक्षा चार वर्षं मागची मुलगी ती जागा घेऊन गेली. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले होते.

आता आजचं. माझ्या हाताखाली राजापूरकडची एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. हुशार, नाकाने ओळखते माल शिळा आहे की नाही. तिला कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षणाला जायचंय, ऑक्टोबरात. पर्ससीन जाळ्याच्या मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे ऐन गर्दी. रात्रपाळी तिच्यावर चालते. शिवाय मला पक्कं ठाऊक आहे, तो कागद हातात आला की ती इथे राहणार नाही. वेरावळ, मंगळूर, कोची, कुठेही तिला दीडपट पगार मिळेल.

तिने अर्ज पुढे ठेवला आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "हंगाम आहे गं, तुझ्याशिवाय कोण बघणार?"

तिने मान खाली घातली आणि "बरं मॅडम" म्हणाली.

तुमच्या साहेबाच्या वागण्याने तुमचं पुढे काय झालं, ते मला सांगा. सल्ला नंतर द्या, आधी अनुभव सांगा.

खाडीकाठचा

ताई, आधी सही करा. अनुभव नंतर सांगतो.

बोंडू, वेंगुर्ला

मी काजूच्या कारखान्यात सोलायला होते. दहावी नापास. बी उकडून, कापून, सुकवून आली की साल काढायचं काम आमचं, मजुरी किलोवर. तिथे सुपरवायझर बाई होत्या. एक दिवस दुपारी जेवणानंतर त्यांनी माझ्यापुढे गराचा एक ढीग ओतला आणि म्हणाल्या, यातला १८० नंबर वेगळा कर, २४० वेगळा, ३२० वेगळा. मी म्हटलं, ते ग्रेडिंगवाल्या करतात. त्या म्हणाल्या, नंबर म्हणजे काय ते ठाऊक आहे तुला? एका पाउंडात जास्तीत जास्त किती गर बसतात, तो आकडा. १८० म्हणजे मोठा गर, ३२० म्हणजे लहान. मी चार वर्षं सोलत होते आणि मला कोणी हे सांगितलं नव्हतं!

रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं. मालकाने एकदा हटकलं, सोलणारीला हे कशाला? त्या म्हणाल्या, गर तुटून तुकडा कमी पडेल. आणि खरंच माझ्या हातचा तुकडा कमी पडायला लागला, कारण अख्ख्या गराचा आणि पाकळीचा भाव कळल्यावर हात आपोआप जपून चालतो.

पुढे बचत गटातून आम्ही आठजणींनी छोटं युनिट टाकलं. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळत होतं, ते घेतलं. बँकेच्या साहेबांनी विचारलं, धंद्यातलं काय कळतं? मी त्यांना तीन नंबरचे गर डोळे मिटून बोटांनी वेगळे करून दाखवले. ते मला कोणी शिकवलं तर त्या बाईंनी. त्या अजून तिथेच नोकरीला आहेत.

सुरंगीताई, तुमच्या त्या मुलीला जाऊ द्या.

लोटेकर

सगळे एकाच बाजूने बोलतील म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

लोट्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, सहा माणसं. खेडचा एक आयटीआयचा मुलगा ठेवला. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, पहिले आठ महिने त्याने जितका माल केला तितकाच बिघडवला. तो तोटा मी सोसला. दोन वर्षांनी तो तयार झाला, आणि तिसऱ्या महिन्यात चाकणला गेला. मी चिडलो नाही, त्याला पगार मिळाला. पण त्याच्या मशिनवर पुढचे सहा आठवडे रात्री मी उभा होतो, वय वर्षं चोपन्न. बायको जेवणाचा डबा घेऊन यायची.

माणूस घडवायचा खर्च कोकणातल्या लहान मालकाने करायचा आणि तयार माणूस पुण्या-मुंबईने न्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आधी गिरणीला गेले, आता कंपनीला जातात. साहेबाने मोठं मन दाखवावं हे ठीक, पण त्या मोठ्या मनाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हेही कोणीतरी बोलावं.

नवी_पालवी

लोटेकरकाका, तुमचं दुःख कळतं. पण तुम्ही त्याला शिकवलं नसतं तर तो दोन वर्षं तुमचा माल बिघडवतच राहिला असता ना?

तांडेलवाडी

माझा अनुभव दर्यावरचा आहे. नोकरीत बसतो की नाही ते तुम्ही ठरवा.

मी ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढलो तेव्हा अठरा वर्षांचा. पहिल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, मासळीच्या जागा कोणाला कळू द्यायचा नाही. जीपीएसवर हात ठेवून बसायचा, जाळं टाकायच्या वेळी स्क्रीनवर टॉवेल टाकायचा. माणूस वाईट नव्हता, पण ती त्याची आयुष्याची कमाई होती आणि त्याला भीती होती की खलाशी शिकला की उद्या त्याच जागेवर दुसऱ्या बोटीने येईल. तीन वर्षं मी जाळं ओढलं, बर्फ फोडला, मासळी निवडली. तीन वर्षांनी मी तेवढाच खलाशी.

दुसऱ्या बोटीचा तांडेल म्हातारा होता. जीपीएस यायच्या आधीपासून दर्यावर. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की खाली खडक, अशा खुणा त्याला पाठ. पहाटे खाडीच्या तोंडाशी आलो की मला सुकाणूवर उभं करायचा. गाळाने तोंड भरलेलं, भरती किती, लाट कुठे फुटते, ते बघून आत घालायची बोट. एकदा मी चुकलो, तळ घासला. त्याने सुकाणू हातातून काढून घेतलं नाही. नुसतं म्हणाला, "उजवीकडे पाणी काळं दिसतंय बघ." पाणी काळं म्हणजे खोल. एवढंच बोलला. त्या सकाळी मी बोट आणली.

दर्या सोडताना त्याने मला शाळेची दोनशे पानी वही दिली. त्यात सगळे पॉइंट, कुठल्या महिन्यात कुठे काय लागतं, निळ्या पेनाने. आज मी तांडेल आहे. वाट्यात त्याचा हिस्सा कागदावर नाही, पण नारळी पौर्णिमेला त्याच्या घरी जाऊन पाया पडल्याशिवाय बोट सोडत नाही.

मॅनेजमेंटचे_सर, चिपळूण

मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडं पुस्तकातलं. सुरंगीताईंच्या दोन साहेबांवर ते इतकं नेमकं बसतंय की राहवत नाही.

अभ्यासक करिअरमधलं यश दोन प्रकारे मोजतात. एक बाहेरून दिसणारं, म्हणजे पद, पगार, बढती. दुसरं आतलं, म्हणजे आपल्याला आपल्या कामाबद्दल काय वाटतं ते. कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या नात्याचा जो अभ्यास मांडला, त्यात वरिष्ठाच्या मदतीचेही दोन भाग केले. एका भागात नाव पुढे करणं, चार लोकांत दिसू देणं, शिकवणं, अवघड काम सोपवणं, अंगावर आलं तर आड उभं राहणं. दुसऱ्या भागात आपुलकी, धीर, मैत्री. ताई, तुमच्या पहिल्या साहेबांनी पहिलं दिलं आणि दुसऱ्यांनी दुसरं. दोन्ही खरं होतं. म्हणून तर तुमचा हिशेब मिटत नाही.

दुसरं, साहेबाची 'शैली' म्हणून आपण एकच काहीतरी धरून चालतो. १९७० च्या दशकात जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकच वरिष्ठ प्रत्येकाशी वेगळं नातं ठेवतो. काही जण आतल्या गोटात, काही बाहेर. आतल्यांना माहिती, संधी, विश्वास. बाहेरच्यांना नेमून दिलेलं काम आणि पगार. 'साहेबांची माणसं' हा शब्द आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात आहेच. आणि ताई, तुम्ही तर आतल्या गोटात असूनही अडकलात. आतल्या गोटात असणं म्हणजे पुढे जाणं, असं नेहमी होत नाही, हे तुमच्या गोष्टीत मला वर्गात शिकवण्याजोगं वाटलं.

आणि एक जुना प्रयोग सांगून थांबतो. १९३९ मध्ये कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहाएक वर्षांच्या मुलांचे गट केले आणि त्यांना मुखवटे वगैरे करायला दिले. काही गटांचा मोठा माणूस हुकूम सोडणारा, काहींचा मुलांना विचारून ठरवणारा, काहींचा काहीच न करणारा. हुकूम सोडणारा खोलीत असेपर्यंत काम जोरात. तो बाहेर गेला की हात थांबायचे. विचारून ठरवणाऱ्या गटातली मुलं तो बाहेर गेल्यावरही काम करत राहिली. रात्रपाळीला तुम्ही नसताना तुमची ती मुलगी कशी वागते, ते बघा. तुमची शैली कुठली, त्याचं उत्तर तिथे आहे.

पाऊसवेडी

सरांचं पटलं. पण मूळ लेखातलं एक मला खुपलं. पहिल्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं आणि त्यातून ताई शिकल्या, असं वाचताना ते झापणंच शिक्षण वाटायला लागतं. मला असाच साहेब होता. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मीटिंगमध्ये रडली, दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतर तिने ते क्षेत्रच सोडलं. मी टिकले म्हणून मी आज ही गोष्ट सांगू शकते. जी टिकली नाही ती इथे धागा काढायला येणार नाही. ताई, तुमच्या बरोबर लागलेल्या सगळ्या टिकल्या का?

सुरंगी

पाऊसवेडी, नाही टिकल्या. आम्ही तिघी एकत्र लागलो होतो. एक तीन महिन्यांत गेली. तिचा विचार मी आज, तुम्ही विचारल्यावर, बऱ्याच वर्षांनी केला. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला घडवलं ते तळातल्या बांगड्याने, आणि तपासणीच्या वेळी ते मागे उभे राहिले त्याने. ओरडण्याने काही घडवलं नाही, त्याने नुसती भीती बसली. पुढे कित्येक महिने काही चुकलं की आधी लपवायचं मनात यायचं.

आबोली, सावंतवाडी

ताईंच्या या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचंय. मी नर्स आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीत मी मधुमेहाच्या एका आजोबांना साध्या सलाईनऐवजी डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेची, बाटली लावली. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. बाटल्या शेजारी शेजारी, दिवा अंधुक. मी बाटली बंद केली आणि इन्चार्ज सिस्टरना उठवायला गेले. जाताना मनात एकच, सांगू की नको. त्या उठल्या, आधी आजोबांची साखर तपासली, डॉक्टरांना फोन केला, मग मला म्हणाल्या, "कसं झालं ते दाखव." 'कोणी केलं' हा शब्द नाही. सकाळी त्या दोन बाटल्यांच्या जागा वेगळ्या केल्या आणि तिथे दिवा लावून घेतला. आजोबा बरे होऊन घरी गेले.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये छापून आला. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. नोंदी उलट निघाल्या, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त नोंदलेल्या! कारण तिथल्या नर्सेस घाबरत नव्हत्या, सांगत होत्या. मी प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा त्या सिस्टर डोळ्यांसमोर आल्या. मी आज इन्चार्ज आहे ती त्या रात्रीमुळे. त्या रात्री मी लपवायला शिकले असते, तर कदाचित चांगली नर्स झालेच नसते.

फाईलवाला

सरकारी खात्यात साहेबाची शैली गोपनीय अहवालात उतरते. माझ्या एका साहेबांनी मला सलग 'चांगला' लिहिलं. ऐकायला बरं वाटतं ना, चांगला? बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता. समोर भेटले की पाठीवर थाप, अहवालात 'चांगला', आणि मला पत्ताच नाही. बढतीची यादी लागली तेव्हा कळलं.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात नेमकं हेच तपासलं. एका वर्षीच्या 'चांगला' या शेऱ्यामुळे त्यांची बढती गेली होती आणि तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता. न्यायालयाने सांगितलं, शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. नव्याने लागलेल्यांनी दरवर्षी आपला अहवाल मागून घ्यावा, लाजू नये. आणि साहेब झालेल्यांनी, जे तोंडावर बोलता तेच कागदावर लिहा एवढीच विनंती.

देवगडचो

सुरंगी बाय, मी कलमांची नर्सरी चालवतंय. एक सांगतंय. कलम पिशयेत जास्त दीस ठेवला तर मुळा पिशयेतच गोल गोल फिरतत. वरसून पाना हिरवीगार दिसतत, गिऱ्हाईक खूश. पण तेच्यानंतर जमनीत लावलास तरी ता नीट धरणा नाय. तू सात वर्सा तशी ऱ्हवलंस. आता त्या चेडवाक कित्याक पिशयेत ठेवतंस? जांव दी तिका.

रुळावरचा

देवगडकर मुद्द्याचं बोलले. मी आता निवृत्त आहे. कोकण रेल्वेच्या बांधकामाच्या दिवसांत रत्नागिरीजवळ साइटवर मोजणीची चेन धरायला लागलो होतो, बारावी झालेला पोरगा. महामंडळ १९९० साली झालं, ई. श्रीधरन प्रमुख. त्यांनी अख्ख्या मार्गाचे सात भाग करून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला होता, त्यामुळे निर्णय जागच्या जागी व्हायचे. श्रीधरनसाहेबांना मी लांबूनच पाहिलं. पण वरून ती मोकळीक मिळाली की खाली झिरपते, हे मी जवळून पाहिलं. आमच्या साइटचे तरुण इंजिनिअर मला लेव्हल बुक, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या मोजणीची वही, लिहायला द्यायचे, संध्याकाळी स्वतः तपासायचे, चुकलं तिथे पेन्सिलीने गोल करायचे आणि परत मलाच मोजायला पाठवायचे. पावसात, चिखलात, परत डोंगर चढून. त्यांनी स्वतः आकडा दुरुस्त केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पुढे मी सुपरवायझर झालो तो त्या पेन्सिलीच्या गोलांमुळे. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण सुरू झाला त्या दिवशी घरात कोणाला काही न बोलता स्टेशनवर जाऊन बसलो होतो.

एक बाजूचं सांगतो. आपल्याकडे ऑफिसात मनमानी करणाऱ्याला अजून 'खोत', म्हणजे जुन्या काळचा गावचा जमीनदार, म्हणतात. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण हाताखालचा माणूस आपल्या मालकीचा ही समजूत टेबलामागे बसलेल्यांत शिल्लक आहे. प्रेमाने धरून ठेवणं हेही त्यातलंच, असं मला या वयात वाटायला लागलंय.

लोटेकर

सगळं वाचलं. माझं दुखणं तसंच आहे, पण एक प्रामाणिकपणे लिहितो. तो मुलगा गेला तेव्हा मला सहा आठवडे रात्री उभं राहावं लागलं, कारण त्या मशिनवर मी एकालाच तयार केलं होतं. ती माझी चूक, त्याची नाही. आता प्रत्येक मशिनवर दोघं शिकतात. खर्च वाढला, झोप लागते.

सुरंगीताई, व्यवहाराचं बोला. ऑक्टोबरला अजून दोन महिने आहेत. रात्रपाळीला दुसरी मुलगी आजपासून त्या मुलीबरोबर उभी करा. शिकवायचं काम त्या मुलीलाच द्या.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. सही केली. चौथ्या नाही, सहाव्या दिवशी, एवढं कबूल करते.

तिला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हटलं, परवा जे बोलले ते विसर. ती गप्प. मग म्हणाली, "मॅडम, मी घरी सांगितलं होतं की तुम्ही म्हणालात माझ्याशिवाय चालत नाही. आई खूश झाली." मला पुढे बोलता येईना.

लोटेकरदादांचं ऐकलं. परवापासून तिच्याबरोबर दुसरी मुलगी रात्रपाळीला आहे. काल पहाटे मी मुद्दाम न सांगता गेले, सरांनी म्हटलं तसं. ती नव्या मुलीला क्रेट दाखवत होती. बर्फ बाजूला सारून तळातला बांगडा काढला, प्रोब तिच्या हातात दिला आणि स्वतः हात मागे घेऊन उभी राहिली. मी दारातूनच परत फिरले. बर्फाच्या साठवणीची जी नवी कार्यपद्धती तिने लिहिली होती, तिच्यावर 'तयार करणार' म्हणून तिचं नाव घातलंय. ते मी वर्षभरापूर्वीच घालायला हवं होतं.

आणि अजून एक. काल रात्री मी माझ्या दुसऱ्या साहेबांना फोन केला. निवृत्त झालेत, गावी असतात. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, साहेब, तेव्हा तुम्ही मला प्रशिक्षणाला का नाही पाठवलंत? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला इथेच बरं वाटतं. तू परत विचारलंच नाहीस गं." आणि थोड्या वेळाने, "तू गेल्यावर मला दोन महिने काही सुचत नव्हतं. तेव्हा कळलं, मी किती टाकलं होतं तुझ्यावर." मी त्यांच्यावर रागावलेली नाही, हे त्यांना सांगितलं. त्यांनी दिवाळीला घरी बोलावलंय.

बोंडू, वेंगुर्ला

ताई, वाचून डोळे भरले. मी उद्या माझ्या त्या सुपरवायझर बाईंना भेटायला जाणार आहे.

खाडीकाठचा

आता अनुभव सांगतो म्हणालो होतो, पण माझा तुमच्यासारखाच आहे, फक्त मी मुलाखतीला कधी गेलोच नाही. एकोणीस वर्षं एका जागी. म्हणून म्हटलं होतं, आधी सही करा.

ती मुलगी जाणार कशी? नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरीला थांबते आणि एर्नाकुळमला, म्हणजे कोचीतच, सोडते, गाडी बदलावी लागत नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तारीख ठरली असेल तर लगेच काढा, उशीर केला तर प्रतीक्षा यादी.

सुरंगी

दादा, तुमचा अनुभव सविस्तर लिहा, मला वाचायचाय. तिकीट आज सकाळी काढलं, स्लीपरचं, वरचा बर्थ. ती विचारतेय ऑक्टोबरात तिकडे पाऊस असतो का, छत्री न्यायची का.

रुळावरचा

असतो. तिकडे परतीचा पाऊस जोरात पडतो, दुपार कलली की गडगडाट सुरू. छत्री न्यायला सांगा.